सर नायजेल ग्रेस्ली : वाफेच्या वेगाचे शिल्पकार

वाफेच्या इंजिनाने गाठलेल्या सर्वाधिक वेगाचा मान आजही इंग्लंडमधील एका निळ्या इंजिनाकडे आहे. ३ जुलै १९३८ रोजी 'मॅलार्ड' नावाच्या त्या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरांचा वेग गाठला. त्यानंतर लवकरच महायुद्ध आले. युद्धानंतर डिझेल आणि विजेच्या इंजिनांनी वाफेची जागा घेतली आणि हा विक्रम मोडण्याचे प्रयोजनच कोणाला उरले नाही. 'मॅलार्ड'चे जनक सर नायजेल ग्रेस्ली यांचे नाव या विक्रमामुळे जगभर पोचले. परंतु त्यांचे चरित्र वाचताना मनावर ठसते ती गोष्ट याहून वेगळी आहे. मोठ्या घराण्यात जन्मलेल्या, तरुण वयातच अधिकारपदावर पोचलेल्या आणि स्वतःच्या बुद्धीविषयी निःशंक असलेल्या या अभियंत्याने दुसऱ्यांकडून शिकण्यात कधी कमीपणा मानला नाही. त्यांची उत्तमोत्तम इंजिने या शिकण्यातून निर्माण झाली. ज्या एका बाबतीत मात्र ते स्वतःच्या कल्पनेला घट्ट धरून राहिले, त्या बाबतीत त्यांच्या पश्चात त्यांच्या कीर्तीला बोल लागला.

हर्बर्ट नायजेल ग्रेस्ली यांचा जन्म १९ जून १८७६ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. त्यांचे घर वास्तविक डर्बीशायर परगण्यातील नेदरसील या खेड्यात होते. प्रसूती अवघड होण्याचा संभव असल्याने आई वैद्यकीय सल्ल्यासाठी एडिंबरोला गेली होती, एवढाच त्या शहराशी त्यांच्या जन्माचा संबंध. पुढे याच एडिंबरोकडे धावणाऱ्या गाड्यांमुळे त्यांचे नाव व्हावे, हा एक योगायोगच म्हणावयाचा. ग्रेस्ली घराणे जुन्या सरदार घराण्यांपैकी होते. वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक होते आणि पाच भावंडांत नायजेल सर्वांत धाकटे. मार्लबरो कॉलेजसारख्या प्रतिष्ठित शाळेत शिक्षण झाल्यावर अशा घरातील मुलाने सैन्यात, चर्चमध्ये अथवा सरकारी सेवेत जावे, अशी त्या काळची रीत होती. नायजेल यांनी १८९३ साली क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी पत्करली. तेथे सरदारपुत्र आणि मजूरपुत्र असा भेद चालत नसे. पहाटेच्या भोंग्याला हजर राहावयाचे, कानस चालवावयाची, ओतशाळेची धग सोसावयाची आणि हात काळे करून घरी परतावयाचे, हा तेथील शिरस्ता होता.

उमेदवारी संपल्यावर ते लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या हॉर्विच कारखान्यात जॉन ॲस्पिनॉल यांच्या हाताखाली गेले. पुढे ब्लॅकपूलच्या इंजिन शेडचे प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. कागदावर रेखलेले इंजिन आणि रोज रात्री राख काढून, धुऊन, तेल घालून दुसऱ्या दिवसासाठी सज्ज करावे लागणारे इंजिन यांतील अंतर त्यांना तेथे कळले असले पाहिजे. १९०१ साली एथेल फुलागर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला चार अपत्ये झाली. १९०५ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या डबे व वाघिणी विभागाचे प्रमुख होऊन डॉन्कास्टरला आले. इंजिनांचा पुढील महान शिल्पकार सहा वर्षे केवळ डबे बांधत होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दोन डब्यांच्या टोकांना दोन स्वतंत्र बोग्या देण्याऐवजी सांध्याखाली एकच सामाईक बोगी बसविण्याची पद्धत त्यांनी तेथे रूढ केली. त्यामुळे गाडीचे वजन घटले आणि धक्के कमी झाले. सागवानाच्या तक्तपोशीचे त्यांचे डबे पुढे अनेक वर्षे त्या मार्गाची शोभा होऊन राहिले. प्रवाशांना सुखाने बसता आले पाहिजे, हा विचार त्यांनी इंजिनाच्या मागे बसून शिकला आणि मग ते इंजिनाकडे वळले. १९११ च्या ऑक्टोबरात एच. ए. आयव्हॅट निवृत्त झाले आणि पस्तीस वर्षांचे ग्रेस्ली त्यांच्या जागी इंजिन विभागाचे प्रमुख झाले.

पहिल्या महायुद्धात डॉन्कास्टरचा कारखाना युद्धसामग्रीच्या कामात गुंतला. त्या कामगिरीबद्दल १९२० साली ग्रेस्ली यांना सी.बी.ई. हा किताब मिळाला. याच वर्षांत त्यांच्या मनात तीन सिलिंडरांच्या इंजिनाची कल्पना घोळत होती. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन आणि मध्ये एक असे तीन सिलिंडर असले की ओढ सारखी मिळते, पण प्रत्येक सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या झडपेसाठी स्वतंत्र यंत्रणा लागते. मधल्या सिलिंडरची यंत्रणा इंजिनाच्या पोटात दाटीवाटीने बसवावी लागते आणि तिची देखभाल कटकटीची होते. ग्रेस्ली यांनी बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालींवरून तरफांच्या साहाय्याने मधली झडप चालविण्याची युक्ती योजिली. १९१८ सालच्या पहिल्या इंजिनातील मांडणी गुंतागुंतीची होती. हॅरल्ड होलक्रॉफ्ट या दुसऱ्या कंपनीतील अभियंत्याने याच प्रश्नावर अधिक सोपी मांडणी सुचविली होती. ग्रेस्ली यांनी ती पाहिली, तिचे मोल ओळखले आणि १९२० पासून ती आपल्या इंजिनांत वापरली. ही तरफांची जोडणी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि त्यांच्या यशाबरोबर त्यांच्या अडचणींचेही मूळ ठरली.

१९२२ साली डॉन्कास्टरहून 'ग्रेट नॉर्दर्न' हे इंजिन बाहेर पडले. पुढे चार, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन अशी त्याची चाके होती. या चाकरचनेस पॅसिफिक असे म्हणतात. भारतात १९४७ पासून आलेली, बंदुकीच्या गोळीसारख्या टोकदार तोंडाची डब्ल्यूपी इंजिने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावयास नको. मागच्या लहान चाकांवर रुंद भट्टी बसविता येते, रुंद भट्टीत पुष्कळ कोळसा नीट जळतो आणि दूरच्या पल्ल्यावर वाफ कमी पडत नाही, हा या रचनेचा मुख्य गुण. बॉयलर योजिताना ग्रेस्ली यांच्या नजरेसमोर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेची पॅसिफिक इंजिने होती. सहाशे टनांची गाडी ओढून नव्या इंजिनाने आपले बळ सिद्ध केले. १ जानेवारी १९२३ रोजी ब्रिटनमधील लहानमोठ्या रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले आणि ग्रेस्ली हे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता झाले. त्याच वर्षाच्या आरंभी तयार झालेल्या तिसऱ्या पॅसिफिक इंजिनाला पुढे 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे नाव मिळाले. लंडन ते एडिंबरो धावणाऱ्या प्रसिद्ध गाडीचेही तेच नाव असल्याने या दोहोंत अनेकांचा घोटाळा होतो.

यशाच्या या टप्प्यावर ग्रेस्ली यांच्या वाट्याला एक पराभव आला. १९२४ साली वेंब्ली येथे भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनात 'फ्लाइंग स्कॉट्समन'शेजारीच ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे 'कॅसल' जातीचे एक इंजिन मांडले होते. आकाराने ते लहान होते, तरीही अधिक ओढशक्तीचा दावा त्याच्या मालकांनी केला होता. या दाव्याची परीक्षा १९२५ च्या वसंतात झाली. ग्रेट वेस्टर्नचे 'पेंडेनिस कॅसल' ग्रेस्ली यांच्या मार्गावर किंग्ज क्रॉस ते डॉन्कास्टर धावू लागले आणि ग्रेस्ली यांचे 'व्हिक्टर वाइल्ड' ग्रेट वेस्टर्नच्या मार्गावर गेले. किंग्ज क्रॉसच्या फलाटावरून निघताच बोगद्यांतून खडा चढ लागतो. तेथे लहान दिसणारे 'कॅसल' चाके न घसरता सहज चढून गेले आणि पाहणारे थक्क झाले. दोन्ही मार्गांवर कोळसाही 'कॅसल'नेच कमी जाळला. स्वतःच्या मार्गावर, स्वतःच्या लोकांदेखत हा निकाल लागणे ग्रेस्ली यांच्यासारख्या मानी माणसास रुचणारे नव्हते.

पराभवाचे कारण झडपांच्या हालचालीत होते. सिलिंडरात वाफ शिरण्याची आणि काम करून बाहेर पडण्याची वाट झडप उघडते व मिटते. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांत झडप लांब सरकत असे. त्यामुळे थोडीच वाफ घेऊनही वाट मोकळी उघडत असे, त्या वाफेला पूर्ण प्रसरण पावून दट्ट्या ढकलण्यास अवधी मिळे आणि शिळी वाफ झटकन निघून जाई. ग्रेस्ली यांच्या इंजिनांत झडपेची धाव आखूड होती, म्हणून वाफ कोंडत असे आणि कोळसा वाया जात असे. त्यांचे साहाय्यक बर्ट स्पेन्सर हे या सुधारणेचा आग्रह पूर्वीपासून धरीत होते, पण साहेबांच्या मनावर तो ठसला नव्हता. १९२५ नंतर मात्र प्रयोग सुरू झाले आणि १९२७ साली 'सेंटेनरी' या इंजिनात लांब धावेच्या झडपा बसविण्यात आल्या. दर मैलास सुमारे पन्नास पौंड लागणारा कोळसा चाळिसाच्या आसपास आला. एवढा पुरावा हाती येताच ग्रेस्ली यांनी मागेपुढे पाहिले नाही. सर्व पॅसिफिक इंजिनांत हा बदल करण्याचा हुकूम त्यांनी दिला. त्याबरोबरच बॉयलरचा दाब चौरस इंचास १८० पौंडांवरून २२० पौंडांवर नेऊन सुधारित इंजिनांची नवी श्रेणी सुरू केली.

या बचतीचे फळ लगेच दिसले. १ मे १९२८ पासून 'फ्लाइंग स्कॉट्समन' गाडी उन्हाळी वेळापत्रकात लंडन ते एडिंबरो हे ३९२.७ मैलांचे अंतर मध्ये कोठेही न थांबता जाऊ लागली. एका ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीला एवढा पल्ला झेपणे शक्य नव्हते. म्हणून ग्रेस्ली यांनी कोळसा-पाण्याच्या टेंडरमधून अठरा इंच रुंद आणि पाच फूट उंच अशी एक बोळ काढली, जेणेकरून मध्यावर दुसरी जोडी डब्यांतून चालत इंजिनावर येऊ शकेल. ही बोळ पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी घरच्या भोजनगृहात भिंतीलगत खुर्च्यांची रांग मांडून आपला भरभक्कम देह त्या फटीतून नेऊन पाहिला, अशी हकीकत सांगितली जाते. या गाडीला सव्वाआठ तास लागत. इंजिनात बळ नव्हते म्हणून हा वेळ लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आणि पश्चिम मार्गांच्या कंपन्यांत धोक्याच्या शर्यती झाल्या होत्या, तेव्हापासून याहून वेगाने जावयाचे नाही असा करार पाळला जात होता. तो १९३२ साली सुटला.

सगळ्याच प्रयोगांना यश आले असे नाही. १९२९ साली यारो या जहाजी बॉयलरच्या कारखानदारांसह त्यांनी दहा हजार क्रमांकाचे एक इंजिन बांधले. त्यातील जलनलिकांच्या बॉयलरचा दाब चौरस इंचास ४५० पौंड होता. हे काम इतक्या गुप्तपणे चालले होते की इंजिनाचे टोपणनावच त्यावरून पडले. अपेक्षित बचत मात्र झाली नाही आणि १९३७ साली ग्रेस्ली यांनीच त्याला साधा बॉयलर बसविला. १९३४ साली एडिंबरो ते ॲबर्डीन या चढउतारांच्या मार्गासाठी त्यांनी 'कॉक ओ' द नॉर्थ' हे आठ जोडचाकांचे विशाल इंजिन काढले. त्याच्या धुरांड्याखाली फ्रेंच अभियंता आंद्रे शाप्लाँ यांनी फिनलंडच्या क्यूलाला यांच्या कल्पनेवरून सिद्ध केलेली वाफनिकासाची दुहेरी योजना बसविली होती. इंजिन एका जागी उभे करून त्याची शास्त्रीय मोजमापे घेण्याचे सुसज्ज केंद्र तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हते. म्हणून ग्रेस्ली यांनी ते फ्रान्समधील व्हित्री येथे पाठविले. रेल्वेची जन्मभूमी म्हणविणाऱ्या देशाने परीक्षेसाठी परदेशी जावे ही गोष्ट त्यांना खटकत होती. स्वदेशी परीक्षणकेंद्रासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रग्बी येथे ते केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा ते पाहावयास ग्रेस्ली हयात नव्हते.

१९३३ साली जर्मनीत बर्लिन-हॅम्बर्ग मार्गावर डिझेलची वेगवान गाडी सुरू झाली. ग्रेस्ली यांनी जर्मनीत जाऊन तिचा प्रवास केला आणि तशाच गाडीने लंडनहून न्यूकॅसलला किती वेळात जाता येईल, याची विचारणा तिच्या निर्मात्यांकडे करण्यात आली. सव्वाचार तासांच्या आसपास, असे उत्तर आले. शिवाय त्या गाडीत प्रवासी थोडे आणि जागा अडचणीची. कंपनीचे मुख्य व्यवस्थापक सर राल्फ वेजवुड आणि ग्रेस्ली यांना वाटले की एवढे तर आपले वाफेचे इंजिनही करील. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी 'फ्लाइंग स्कॉट्समन' इंजिनाने लीड्सपर्यंतचे जवळजवळ १८६ मैल १५२ मिनिटांच्या आत कापले आणि परतीच्या प्रवासात ताशी १०० मैलांचा अधिकृत वेग नोंदविला. ५ मार्च १९३५ रोजी 'पपायरस'ने न्यूकॅसलची जा-ये प्रत्येकी चार तासांच्या आत करून ताशी १०८ मैल गाठले. त्याच महिन्यात नव्या गाडीला मंजुरी मिळाली.

पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव त्या वर्षी होता, म्हणून गाडीचे नाव 'सिल्व्हर ज्युबिली' ठेवले गेले. तिच्यासाठी ग्रेस्ली यांनी ए-फोर ही श्रेणी निर्माण केली आणि येथेही त्यांनी चौफेर दृष्टी ठेवली. इटलीत जन्मलेल्या एतोरे बुगाती यांच्या फ्रान्समधील रेलगाड्यांची पाचरीसारखी तोंडे त्यांनी पाहिली होती. टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत नमुन्यांवर वाऱ्याचा झोत सोडून आकार ठरविण्यात आला. धूर खाली बसून ड्रायव्हरची दृष्टी झाकू नये, याचीही तेथे काळजी घेतली गेली. बाह्य आकाराइतकीच आतील रचना महत्त्वाची होती. वाफेच्या नळ्या व वाटा गुळगुळीत आणि मोकळ्या ठेवल्या होत्या, बॉयलरचा दाब २५० पौंड होता आणि मोठी चाके सहा फूट आठ इंच व्यासाची होती. २७ सप्टेंबर १९३५ रोजी पाहुण्यांसह निघालेल्या पहिल्याच फेरीत 'सिल्व्हर लिंक' या रुपेरी इंजिनाने दोनदा ताशी साडेबारा अधिक शंभर मैलांचा वेग गाठला. डबे इतके हेलकावू लागले की ग्रेस्ली स्वतः टेंडरमधील बोळीतून इंजिनावर गेले आणि त्यांनी ड्रायव्हरला वेग आवरण्यास सांगितले, असे म्हणतात. तीनच दिवसांनी गाडी नेमाने धावू लागली. पहिले काही दिवस जोडीचे दुसरे इंजिन तयार नव्हते, तरी 'सिल्व्हर लिंक'ने एकट्याने रोजची जा-ये न चुकता केली.

१९३६ साली ग्रेस्ली यांना सर ही पदवी मिळाली आणि यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही लाभले. १९३७ च्या जुलैत लंडनहून सहा तासांत एडिंबरोला पोचणारी 'कॉरोनेशन' गाडी सुरू झाली. तिच्यासाठीच्या पाच इंजिनांना साम्राज्यातील देशांची नावे दिली होती. त्यांतील ४४९० क्रमांकाचे इंजिन होते 'एम्पायर ऑफ इंडिया'. सर राल्फ वेजवुड हे त्याच सुमारास, १९३६-३७ मध्ये, भारतातील रेल्वेची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून येथे येऊन गेले होते. ग्रेस्ली यांच्या पॅसिफिक इंजिनांपैकी शंभरावे त्याच वर्षी बाहेर पडले आणि एका रेल्वेप्रेमीच्या सूचनेवरून त्याला खुद्द त्यांचेच नाव दिले गेले. इतर बहुतेक ए-फोर इंजिनांना वेगाने उडणाऱ्या पक्ष्यांची नावे होती. १९२९ साली पत्नी निवर्तल्यानंतर ग्रेस्ली सेंट ऑल्बन्सजवळ खंदकाने वेढलेल्या सॉल्झबरी हॉल या जुन्या वाड्यात राहत. त्या खंदकात ते बदके पाळीत. मॅलार्ड ही त्यांतील हिरव्या डोक्याच्या रानबदकाची जात.

४४६८ क्रमांकाचे 'मॅलार्ड' १९३८ च्या मार्चमध्ये कारखान्याबाहेर आले. त्यात शाप्लाँ यांची दुहेरी धुरांड्याची योजना आरंभापासूनच होती. जर्मनीच्या एका इंजिनाने १९३६ साली ताशी २००.४ किलोमीटरांचा विक्रम केला होता. ३ जुलैच्या रविवारी ब्रेकच्या चाचण्यांच्या निमित्ताने सहा डबे आणि वेग नोंदविणारा एक डबा घेऊन 'मॅलार्ड' निघाले. जो डडिंग्टन हे ड्रायव्हर आणि टॉमी ब्रे हे फायरमन होते. रुळांच्या दुरुस्तीमुळे ग्रँथमला वेग ताशी २४ मैलांवर आणावा लागला होता. तेथून स्टोकच्या माथ्यापर्यंत चढ आणि पुढे लांब उतार. उतारावर वेग शंभराच्या पुढे गेला, मग १२० झाला आणि क्षणभर कागदावरील रेषेने १२६ ला स्पर्श केला. त्या क्षणी मोठी चाके सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेत होती. ग्रेस्ली यांनी स्वतः या क्षणिक आकड्याचा गवगवा केला नाही. सलग टिकलेला १२५ चा वेगच ते खरा मानीत. मधल्या सिलिंडरच्या दांड्याचे मोठे बेअरिंग तापून त्यातील धातू वितळला होता. पीटरबरोला पोचल्यावर इंजिन बदलावे लागले आणि विक्रमवीर 'मॅलार्ड' दुरुस्तीसाठी डॉन्कास्टरला परतले.

त्या तापलेल्या बेअरिंगमध्ये एक सूचना होती. बाहेरच्या झडपांवरून मधली झडप चालविणाऱ्या तरफांचे सांधे थोडे जरी झिजले, तरी ती ढिलाई मधल्या झडपेपर्यंत पोचेतो वाढत जाते. मग मधला सिलिंडर आपल्या वाट्याहून अधिक काम करू लागतो आणि त्याचे बेअरिंग भार सोसत नाही. शांततेच्या काळात डॉन्कास्टरचे कुशल कारागीर हे सांधे डोळ्यांत तेल घालून जपत, त्यामुळे दोष झाकला जाई. ग्रेस्ली यांनी या योजनेत बदल केला नाही. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि वेगवान गाड्या बंद पडल्या. त्याच इंजिनांना आता वीस-वीस डब्यांच्या गाड्या ओढाव्या लागत, आणि त्या त्यांनी ओढल्याही. परंतु माणसे सैन्यात गेली, देखभाल विरळ झाली आणि झिजलेले सांधे तसेच धावू लागले.

ग्रेस्ली यांची प्रकृती खालावत होती, तरी मन भविष्याकडे लागले होते. मँचेस्टर ते शेफील्ड या डोंगरी मार्गाच्या विद्युतीकरणासाठी त्यांच्या हाताखाली तयार झालेले विजेचे इंजिन १९४१ साली डॉन्कास्टरहून बाहेर पडले. मुंबईत १९२५ साली पहिली विजेची गाडी धावली तेव्हा योजिलेला १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाहच या मार्गासाठीही निवडला होता. वाफेचा सर्वश्रेष्ठ शिल्पकार वाफेनंतरच्या काळाची तयारी करीत होता. निवृत्तीस जेमतेम अडीच महिने उरले असताना ५ एप्रिल १९४१ रोजी हर्टफर्डशायरमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. नेदरसीलच्या मातीत, पत्नीशेजारी, त्यांना विसावा मिळाला.

त्यांच्या जागी आलेल्या एडवर्ड टॉम्सन यांनी तरफांच्या योजनेविषयी बाहेरच्या तज्ज्ञांचे मत मागविले. १९४२ सालचा तो अहवाल प्रतिकूल होता. टॉम्सन यांनी नवी इंजिने वेगळ्या पद्धतीने बांधली, आठ जोडचाकांची सहाही इंजिने मोडून त्यांची पॅसिफिक बनविली आणि १९४५ साली पहिल्या 'ग्रेट नॉर्दर्न'चीही पुनर्रचना केली. ग्रेस्ली यांच्या चाहत्यांना ही विटंबना वाटली आणि त्यावरून दीर्घकाळ वाद चालला. निःपक्षपाती दृष्टीने पाहता दोष खरा होता, पण तो असाध्य नव्हता. १९५१ साली के. जे. कुक हे ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडन कारखान्यातून डॉन्कास्टरला आले. इंजिनाचा सांगाडा दुर्बिणीच्या साहाय्याने अचूक जुळविण्याची पद्धत आणि मधल्या बेअरिंगचा स्विंडनचा घाट त्यांनी बरोबर आणला. मग तीच तरफांची योजना निर्वेध चालू लागली. सर्व ए-फोर इंजिनांना दुहेरी धुरांडी बसविल्यावर १९५९ च्या मे महिन्यात 'सर नायजेल ग्रेस्ली' इंजिनाने ताशी ११२ मैल गाठले. १९२५ साली ज्या ग्रेट वेस्टर्नकडून पराभव पत्करून ग्रेस्ली शिकले, त्याच घरच्या विद्येने त्यांच्या इंजिनांतील उरलेला दोष दूर केला.

एकंदर पस्तीस ए-फोर इंजिने बांधली गेली. त्यांपैकी एक १९४२ च्या एप्रिलमध्ये यॉर्कवरील बाँबहल्ल्यात नष्ट झाले. त्यावर तेव्हा सर राल्फ वेजवुड यांचेच नाव होते. उरलेली १९६२ ते १९६६ या काळात सेवेतून निघाली. 'एम्पायर ऑफ इंडिया' हे नाव भारत स्वतंत्र झाल्यावरही सतरा वर्षे पाटीवर राहिले आणि १९६४ साली इंजिनाबरोबरच ते भंगारात गेले. सहा इंजिने जतन झाली असून त्यांतील दोन अमेरिका व कॅनडात आहेत. 'मॅलार्ड'च्या विक्रमाच्या पंचाहत्तर वर्षांच्या निमित्ताने ही दोन्ही समुद्र ओलांडून आणली गेली आणि २०१३ साली सहाही भावंडे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एकत्र उभी राहिली. 'मॅलार्ड' आणि 'फ्लाइंग स्कॉट्समन' ही दोन्ही याच संग्रहालयाच्या मालकीची आहेत.

ग्रेस्ली यांच्या मृत्यूला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, ५ एप्रिल २०१६ रोजी, किंग्ज क्रॉस स्थानकात त्यांच्या पूर्णाकृती पुतळ्याचे अनावरण झाले. पायाशी एक बदक असावे अशी मूळ योजना होती. त्याने थोर माणसाचे गांभीर्य उणावेल असे नातवांना वाटले आणि बदक वगळण्यात आले. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चाही रंगली. ज्या फलाटांवरून 'पेंडेनिस कॅसल'ने तो चढ सहज पार केला आणि ग्रेस्ली यांना आपल्या झडपांचा पुन्हा विचार करावयास लावले, ते फलाट या पुतळ्यापासून अगदी जवळ आहेत.